जप्तीचं कपाट

मॅडमना मी आधी ऐकलं, बघितलं नंतर. नोकरी मागायला म्हणून राजारामपुरीतल्या त्या इमारतीचा जिना चढत होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरनं आवाज आला, "तिथं म्हंजे कुठं? दसरा चौकात खाज सुटलीया व्हय तुला?" मी पायरीवरच थबकले. जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर न करता सांगितलं, "जावा की वर. चावत न्हाईत त्या."

वर गेले तर साठीला टेकलेली एक बुटकी बाई. कपाळाला विभूतीचा पट्टा, पायात पुरुषी कापशी चप्पल, आणि टेबलावर जिथं बाकीचे डॉक्टर गणपती ठेवतात तिथं मायक्रोस्कोप. माझी सर्टिफिकिटं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाल्या, "लॅबचा कोर्स केलायस न्हवं? मग योनी म्हण."

मी म्हटलं. म्हणजे ओठ हलवले.

"मोठ्यानं म्हण. मी बहिरी हाय असं समज."

तिसऱ्या वेळी झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं असणार. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासनं ये." झाली माझी मुलाखत.

आज माझा नवरा पुण्यात एकटा खोली करून राहत नाही, कोल्हापुरात माझ्याशी भांडत जेवतो, ते ह्या बाईमुळं. माझा संसार मोडायला आला होता आणि तो मोडतोय हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. पण ते लगेच सांगून उपयोग नाही. आधी बाई काय चीज होती ते कळायला पाहिजे.

मॅडम मूळच्या गडहिंग्लजच्या. घरचं भुसाराचं दुकान, घरात निम्मी कानडी निम्मी मराठी. मला तंगी म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं "मी जातो, मी बघतो" असंच बोलायच्या. पहिल्या दिवशी आलेली पेशंट बावचळायची, दुसऱ्या खेपेला जाऊबाईला घेऊन यायची.

दवाखाना बायकांच्या आजारांचा. त्यातही मॅडमचा जीव कशात असेल तर अंगावरून पांढरं जाणं, खाज, वास ह्या तक्रारींत. बाळंतपणं त्यांनी कधीच सोडून दिली होती. "बाळंतपणाला सगळा गाव गोळा हुतो," म्हणायच्या. "ह्या दुखण्याला कोण येतंय सांग? सख्खी आई बी 'गप बस' म्हणती."

पण आवाजाचं काय करायचं? आत मॅडम बोलल्या की बाहेर बाकड्यावर बसलेल्या आठ बायकांना अमुक गल्लीतल्या तमुक वहिनींचं सगळं कळायचं. मी आल्यावर पंधरा दिवसांनी धीर करून म्हटलं, "मॅडम, जरा हळू बोलायला पाहिजे." त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाल्या, "आवाज काय आता बारीक हुणार न्हाय. आपण नावं बदलू."

त्या दिवसापासून आमच्याकडं एकही सुनंदा किंवा शबाना आली नाही. मोगरा आली, जास्वंद आली, अबोली आली. खरं नाव फक्त माझ्या वहीत. स्लाइडवर, कागदावर, हाक मारताना, सगळीकडं फूल. आणि सोबत आलेल्या नवऱ्याचं नाव कुंडी. "मोगऱ्याला आत पाठीव, आन् कुंडीला जरा भाईर बसीव, लई मधी मधी करतीया." ताराबाई पार्कातल्या एका साहेबांना बराच वेळ कळलंच नाही की कुंडी म्हणजे आपण.

दुसरी खोड मायक्रोस्कोपची. तपासणी झाली की नमुना काचेवर घ्यायचा, मी तो वाळवायचा, दिव्यावर धरायचा, जांभळा रंग, धुणं, गुलाबी रंग, आणि काच टेबलावर. मॅडम बघायच्या आणि लगेच उठून पेशंटला आपल्या खुर्चीत बसवायच्या. प्रत्येकीला. शाळा न बघितलेल्या ऐंशीच्या आजीलासुद्धा. "बघ. ह्या जांभळ्या काड्या दिसत्यात का? हे तुझं घरचं पैलवान."

हे पैलवानांचं प्रकरण नंतर आलं. आधी त्या दही म्हणायच्या. दुधाचं दही करणारे जंतू असतात ना, त्यांचेच भाऊबंद बाईच्या योनीत राहतात, ते आंबटपणा तयार करतात, आणि त्या आंबटपणात बाहेरच्या उपद्रवी जंतूंचं काही चालत नाही, असं अगदी सोपं समजवायच्या. मीही मान डोलवायचे. मग एकदा कसबा बावड्याची एक वहिनी आठ दिवसांनी परत आली, चालता येईना झालेली. मॅडमनी विचारलं, काय केलंस? ती म्हणाली, "तुमीच म्हणालासा की. घरचं म्हशीचं दही लावलं. सायीसकट."

मॅडम खुर्चीतनं उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "चूक माझी हाय," म्हणाल्या. तिला एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून दवाखान्यात दही शब्द बंद. एवढंच काय, स्वतःच्या डब्यातला दहीभातही बंद केला. कुणी बघितलं आणि भलताच अर्थ काढला तर? दहीभातावर जीव असलेली बाई पुढची सगळी वर्षं माझ्यासमोर कोरडी भाकरी खात बसली.

मग तालीम आली. कोल्हापुरात तालीम कुणाला समजावून सांगावी लागत नाही. "तालमीच्या हौद्यातली लाल माती म्हाईत हाय न्हवं? तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल कशापायी घालत्यात? माती आंबट ऱ्हायली की पैलवानाच्या अंगाला खरूज हुत न्हाय. तुझा हौदा तर देवानंच आंबट करून दिलाय. त्यात तुझं पैलवान घुमत्यात. भाईरचा भुरटा आला की उचलून टाकत्यात. आन् तू काय करतीस? रोज सकाळी साबण घालून हौदाच धुतीस. पैलवान ऱ्हातील कुठं?" एवढं बोलून बोट वर करायच्या. "आन् आता घरी जाऊन ताक-लिंबू घालू नगंस, मी पाया पडतो तुझ्या."

ह्या धुण्यावर त्यांचा खरा राग. आणि त्या रागाचं कपाट होतं. लोखंडी, राखाडी, काचेच्या दाराचं. बायका घरी काय काय लावतात ते पुढच्या खेपेला घेऊन यायला सांगायच्या आणि काढून घ्यायच्या. गुलाबी बाटलीतलं सुगंधी वॉश, तुरटीचा खडा, कडुलिंबाचा साबण, टाल्कम पावडर, अत्तर, एकदा तर भांडी घासायची पावडर. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवायची, वर फुलाचं नाव, खाली एक ओळ. "जाई. सासूनं दिलं." "अबोली. मोबाईलवर बघून." "जास्वंद. जाहिरातीतली बाई गोरी होती म्हणून." पेशंट आली की कपाटाकडं बोट दाखवायच्या, "जप्ती बघून घे. ह्यातलं तुझ्या घरात काय काय हाय?" निम्म्या बायका तिथंच हसायला लागायच्या. एकटीच नाही म्हटल्यावर माणूस हसतो.

औषध कंपनीचा एक पोरगेला प्रतिनिधी यायचा, टाय लावून. चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल आल्या होत्या नव्या, त्या घेऊन आला. मॅडमनी कॅप्सूल हातात घेतली, उलटीपालटी केली. "ह्यात पैलवान हाईत?"

"कोट्यवधी आहेत, मॅडम."

"तोंडानं गिळायची?"

"हो, मॅडम."

"मग हे तिथवर पोचत्यात कसं? मला रस्ता सांग." त्यांनी त्याला भिंतीवरच्या बाईच्या शरीराच्या तक्त्यासमोर उभं केलं, हातात पट्टी दिली. बिचारा जठरापर्यंत बरा गेला, आतड्यात घुटमळला आणि पुढं शरमेनं लालेलाल झाला. मॅडमनी त्याला खाली बसवून चहा पाजला. म्हणाल्या, "लाजायचं असलं तर दुसरं काय बी वीक. टीव्ही वीक." नंतर मला म्हणाल्या, "काहींना उपयोग हुतो म्हणत्यात, तंगी. कंपनीला पक्की खात्री हाय, मला अजून तेवढी न्हाय. ज्या दिवशी हुईल त्या दिवशी लिहीन." आणि तरी तो पोरगा येत राहिला. पुढं पुढं तो योनी हा शब्द आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणायचा.

आता माझं.

मी पेठ वडगावची. आम्ही बौद्ध. माझ्या आजीनं ऐन उन्हात ओंजळ धरून लांबनं ओतलेलं पाणी प्यायलं होतं, आणि ते माझ्या आईच्या मनात असं बसलं की आमच्या घरात स्वच्छता म्हणजे दुसरा धर्मच झाला. कपडे परीटघडीचे, भांडी आरशासारखी, आम्हा पोरींना दोन वेळा अंघोळ. "बोट दाखवायला जागा ठेवायची नाही," आई म्हणायची. एकदा डबा खाताना हे मी मॅडमना बोलून गेले. त्या खायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या दुकानाम्होरं बी असंच ओतायचे. मी डोळ्यानं बघितलंय. माझी आज्जी ओतायची." मग माझ्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता निम्मी उचलली. पुढं रोजच उचलायला लागल्या, ते मात्र जरा जास्तच झालं.

तर लग्नानंतर काही महिन्यांनी मला वास यायला लागला. पांढरट जायचं. मी हादरले. मी, जिच्या आईनं दारच्या पायरीलासुद्धा डाग राहू दिला नाही! पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते जंतुनाशक आणलं आणि आतनं धुवायला लागले. दोन दिवस बरं वाटायचं, मग वास दुप्पट. मग मी दिवसातनं दोनदा. मग तीनदा. दवाखान्यातसुद्धा पिशवीत बाटली असायची. दिवसभर दुसऱ्या बायकांच्या काचा रंगवायच्या, मॅडमचं ते हौदा आणि पैलवान ऐकायचं, मान डोलवायची आणि मधल्या सुट्टीत बाथरूमला जाऊन धुवायचं. शिकलेलं माणूस किती गाढव असू शकतं ते मला विचारा.

आणि नवऱ्यापासून लांब राहायला लागले. तो शिरोलीला फौंड्रीत. गरीब स्वभावाचा, भांडायचासुद्धा नाही. तो शेजारी बसला की मी उठायचे. काय सांगणार होते? हा बाहेर बोलला तर? बायको घाण आहे असं त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मरण बरं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

मध्येच एकदा पिशवीतली बाटली हरवली. मी दवाखाना पालथा घातला, बाथरूम बघितलं, नाही सापडली. बसमध्ये पडली असेल म्हणून दुसरी घेतली आणि ती घरीच ठेवली.

त्यानंतर महिनाभरानं एका गुरुवारी सकाळी चहा पिता पिता नवरा म्हणाला, "तुला मी नको असलो तर तसं सांग. पुण्याच्या युनिटला माणसं पाहिजेत. सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचाय." त्यानं घडी घातलेला कागद खिशातून काढून दाखवला, परत खिशात ठेवला आणि कामावर गेला. त्याच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलले असते. राग नव्हताच.

मी दवाखान्यात तासभर आधी गेले. कुलूप उघडलं, बाथरूममध्ये स्वतःच नमुना घेतला, काच वाळवली, रंगवली, बघितली. जांभळी काडी औषधालासुद्धा नव्हती. पेशींच्या कडा बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेल्या, पिठात लोळवल्यासारख्या. दुसऱ्या कुणाची काच असती तर मीच मॅडमना ओरडून सांगितलं असतं. मी काचेवर "शेवंती" लिहिलं आणि इतर काचांमध्ये ठेवून दिली. वहीत काही लिहिलं नाही.

मॅडमनी चौथी काच म्हणून ती लावली. नेहमी बघता बघता शिव्या सुरू व्हायच्या. त्या दिवशी काहीच नाही. डोळा मायक्रोस्कोपला तसाच ठेवून म्हणाल्या, "ही शेवंती कोण?"

"सकाळी लवकर आली होती. थांबली नाही."

"वय?"

"सव्वीस."

"लग्न होऊन किती झालं?"

"दीड वर्ष."

"काय लावती?"

"पाण्यात टाकायचं जंतुनाशक. दोनदा. कधी तीनदा."

"कशापायी?"

बाहेर बाकड्यावर कुणाचं तरी पोर रडत होतं, ते ऐकत उभी राहिले. मग म्हटलं, "तिला वाटतं, ती घाण आहे."

मॅडमनी डोळा काही वर उचलला नाही. "कागद घे. लिही," म्हणाल्या, आणि मी त्यांच्याकडं नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज भिंतीपलीकडं गेला नाही.

"शेवंती. तू घाण न्हाईस. कधीच न्हवतीस. तुझं पैलवान तू रोज धुवून काढलंस, म्हणून भुरटी माजली. भाईरनं साधं पाणी, आतनं काय म्हंजे काय न्हाय. आत आपलं आपण साफ हुतंय. सात दिवस गोळ्या, त्या मी लिहितो. मधनं बंद करायच्या न्हाईत. पुन्हा झालं तर पुन्हा यायचं, लाजायचं न्हाय, पुन्हा हुतंय कुणाकुणाला." काच जराशी सरकवली. "नवऱ्याला सांग. आन् शेवंती, तुझ्या आज्जीला ज्यांनी लांबनं पाणी ओतलं, घाण त्यांची हुती. ती तू कशापायी धुतीस?"

माझा पेन थांबला. मॅडम अजून काचेतच बघत होत्या. म्हणाल्या, "लिहिलंस? हे तिला पोचीव. आन् आता डोळं पूस, जास्वंद भाईर वाट बघतीया."

संध्याकाळी मी तो कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. त्यानं दोनदा वाचला. "शेवंती कोण?"

"मी."

त्यानं कागदाची घडी घातली. म्हणाला, "मला वाटलं फौंड्रीचा वास येतोय माझ्या अंगाला, म्हणून तू उठून जातेस." मी वळून बघितलं. म्हणाला, "तीन साबण बदलले. हात सोलले बघ." आणि खरंच त्यानं हात पुढं केले, लालभडक झालेले. मला हसू यावं की रडू तेच कळेना. एका घरात दोन माणसं, दोघंही आपापल्या जागी स्वतःला घासत बसलेली! सोमवारी त्यानं फॉर्म दिला नाही. तो फॉर्म पुढं वर्षभर आमच्या तांदळाच्या डब्याखाली अंथरलेला होता.

दोन महिन्यांनी शेवंतीची दुसरी काच ठेवली. मॅडमनी बघितलं आणि अशी आरोळी मारली की जिन्याखालचा झेरॉक्सवाला वर आला. "शेवंतीचं पैलवान आलं! हौदा भरलाय नुसता!" बाहेर बसलेल्या बायकांनी, शेवंती कोण हे माहीत नसताना, टाळ्या वाजवल्या. मला न्यायला आलेला नवरा दाराशी उभा होता. मॅडमनी त्याला आत ओढलं. "पावणं, रिकामंच हुबं हाईसा न्हवं? ह्यात बघा जरा. आमच्या एका शेवंतीचं हाय." त्यानं वाकून बघितलं, भरपूर वेळ बघितलं. "चांगलं आहे का?" म्हणाला.

"चांगलं? एक नंबर!" मॅडम म्हणाल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कुणी बोललं नाही. पुढं कित्येक वर्षं अधूनमधून विचारायच्या, "तुझी ती शेवंती बरी हाय न्हवं?" मी म्हणायचे, "बरी आहे, मॅडम. एक मुलगी झाली तिला." मुलीच्या बारशाला मॅडम स्वतः येऊन जेवून गेल्या होत्या.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मॅडमनी दवाखाना नव्या डॉक्टरीणबाईंना दिला आणि त्या गडहिंग्लजला भावाकडं गेल्या. जाताना मायक्रोस्कोप मला दिला, कपाटाची किल्ली दिली. "जप्ती तेवढी टाकून दे," म्हणाल्या. "नवी बाई शिकलेली हाय, तिला ह्ये असलं चालायचं न्हाय." एसटीत बसेपर्यंत कंडक्टरला साबणावरनं झापत होत्या.

मी कपाट रिकामं करायला बसले. एकेक चिठ्ठी वाचत, हसत. सगळ्यात खालच्या फळीवर, मागं, तुरटीच्या डब्याआड एक बाटली निघाली. निम्मी भरलेली. झाकणाला माझ्या नेलपॉलिशचा डाग. माझी बसमध्ये हरवलेली बाटली.

म्हणजे मी काच ठेवायच्या महिनाभर आधीच त्यांना कळलं होतं. जिनाभर ऐकू जाईल अशा आवाजात ज्यांनी कोल्हापुरातल्या निम्म्या बायकांना नको नको ते विचारलं, त्या माझ्यासमोर महिनाभर कोरडी भाकरी खात, माझी वांग्याची भाजी उचलत, रोज गप्प बसल्या होत्या. बाटलीवर चिठ्ठी होती. वर फुलाचं नाव नव्हतं. मॅडमच्या त्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "तंगी." आणि खाली एक ओळ, "विचारायचं न्हाय. ती सांगंल."

सगळी जप्ती मी टाकून दिली. ती बाटली घरी नेली.